चिमटीतला कापूस

आमचे आबा माणसाच्या तोंडाकडं नंतर बघायचे. आधी त्याच्या अंगावरच्या कापडाला हात लावायचे. पाहुणा ओट्यावर येऊन टेकला की आबा सरकत जवळ जायचे आणि त्याच्या सदऱ्याचं टोक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हळूच चोळायचे. नवा माणूस दचकायचा. जुना माणूस आपणच बाही पुढं करायचा.

मला बघायला ते चाळीसगावला आले तेव्हा बाकीच्या मंडळींनी रीतीप्रमाणे नाव, शिक्षण, स्वयंपाक असं सगळं विचारलं. आबांनी मला एक प्रश्न विचारला नाही. ते गादीवर बसले होते आणि पाठीमागच्या तक्क्याच्या उसवलेल्या शिवणीत बोट घालून चिमूटभर कापूस बाहेर काढत होते. माझी आई शरमेनं लाल झाली. तो कापूस आबांनी दोन्ही हातांच्या चिमटीत ताणला, कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवून बघितला आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "घरमा माल चांगला शे. मना कडथून व्हकार शे." अशा रीतीनं मी पसंत पडले. पुढं कधी आमचं नवरा-बायकोचं वाजलं की हे म्हणायचे, "तुला कुठं आम्ही पसंत केली, तुझ्या तक्क्याला केली."

आबा माझे सासरे. धुळ्याच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, त्यांनी तीस-बत्तीस वर्षं कापसाची पारख केली. गाड्या आल्या की ढिगात कोपरापर्यंत हात घालून मधला कापूस काढायचा, सरकीपासून सोडवायचा आणि दोन्ही चिमट्यांनी ताणून धाग्याची लांबी बघायची. उजव्या हातानं ओढायचं, डाव्यानं धरायचं, मग उजव्यानं पुन्हा जुळवायचं. असं चार-पाच वेळा केलं की धागे कंगव्यानं विंचरल्यासारखे सरळ व्हायचे. हे करताना आबांचे डोळे मिटलेले असायचे. कुणी शिकायला आलं तर एवढंच सांगायचे, "डोया मिची ले, मंग हात लाव." त्यांनी सांगितलेला दर्जा मालकानं कधी बदलला नाही, असं मालकच सांगायचा.

जिन सुटलं आणि दोन-तीन वर्षांत आबांचं विसरणं सुरू झालं. पहिल्यांदा आम्ही हसलो. जेवण झाल्यावर "जेवाले वाढा ना" म्हणायचे, सासूबाई म्हणायच्या, "अहो, हात अजून ओला आहे तुमचा." मग कुसुमला, म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेला, स्वतःच्या बहिणीच्या नावानं हाक मारायला लागले. मला तर ते शाळेतली बाईच समजत. त्यात चूक नव्हती, मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवतच होते. पण आपल्या घरात ही बाई कशाला येऊन राहिलीय, हे त्यांना कळत नसे. "बाई, तुमले घर नही का?" असं अगदी काळजीनं विचारायचे.

सकाळी जिनाचा भोंगा झाला की आबा कोट चढवून निघायचे. वॉचमन जुना होता. तो त्यांना बाकड्यावर बसवायचा, चहा पाजायचा आणि कुणाबरोबर तरी घरी पाठवायचा. इथवर ठीक होतं. एकदा ते निघाले ते साक्रीच्या रस्त्याला लागले आणि दुपारी एका गाडीवाल्यानं त्यांना आणून सोडलं. पायात वहाण नव्हती. त्या दिवसापासून आम्ही दाराला कडी लावायला लागलो. जायला मिळेना, तसे आबा घरातच जिन चालवायला लागले.

घरातल्या गाद्या त्यांनी एकेक करून उसवल्या. बैठकीची पहिली, मग कुसुमची, मग आमची. शिवण दातानं तोडायची, हात कोपरापर्यंत आत घालायचा, कापूस काढून ताणायचा आणि निकाल द्यायचा. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांच्या वळकटीलाही त्यांनी सोडलं नाही. "याम्हा जुना माल मिसायेल शे," असं त्यांच्या तोंडावर सांगितलं. पिंजाऱ्यानं खरोखरच जुना कापूस मिसळला होता, हे पाहुण्यांनी नंतर कबूल केलं, पण त्या वेळी ते चिडून मधल्याच गाडीनं गेले. घरभर कापूस उडायचा. वरणात कापूस, देव्हाऱ्यात कापूस, माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यात कापूस. सासूबाई रोज दुपारी सुई-दोरा घेऊन बसायच्या आणि शिवता शिवता रडायच्या. अडवायला गेलं तर आबा हात उगारायचे. ज्या माणसानं जन्मात कुणाला टपली मारली नाही, त्यानं एकदा कुसुमच्या मनगटावर असा फटका दिला की बांगड्या फुटल्या. मी खोटं कशाला बोलू, आम्ही सगळे कंटाळून गेलो होतो.

त्यात कुसुमला बघायला जळगावकडची मंडळी येणार असं ठरलं. संक्रांत नुकतीच झाली होती, फाल्गुनात यायचं म्हणत होते. सासूबाईंनी मला गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांकडं पाठवलं, कारण घरात नीट बोलणारी म्हणून माझं नाव होतं. मी नीट बोलले. आबा रात्रंदिवस त्रास देतात, मारतात, पळून जातात, असं सगळं सांगितलं. ते कशाच्या शोधात पळतात, हे डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्यांनी शांत करायच्या गोळ्या लिहून दिल्या. रोज संध्याकाळी एक. "वय झालंय, जास्त सुस्त वाटले, अडखळायला लागले तर लगेच मला कळवा," असंही ते म्हणाले. मी मान हलवली. गोळ्यांची डबी फळीवर ठेवायचं आणि गोळी द्यायचं काम माझ्याकडं आलं.

आठ दिवसांत घर बदललं. आबा कॉटवर बसून राहायला लागले. भोंगा झाला तरी उठेनात. गाद्या टिकल्या, बांगड्या टिकल्या, सासूबाईंच्या सुईला गंज चढला. येणारा-जाणारा म्हणायचा, "वा, आबा किती शांत झाले हो! नशीबवान आहात." आम्हालाही ते पटायचं. डॉक्टरांना कळवायचं राहिलं, म्हणजे मनातच आलं नाही. सुस्तीसाठीच तर गोळी आणली होती. सुस्ती आली म्हणून तक्रार करायला कोण जाणार?

मग त्यांची चाल आखडली. पाऊल उचलायचे नाहीत, फरशीवरून घासत न्यायचे. चेहऱ्यावर रागही नाही आणि हसूही नाही. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ यायची, म्हणून सासूबाईंनी त्यांच्या खांद्यावर पंचा टाकून ठेवला. आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरायला लागला. कॉटवर बसलेले, नजर भिंतीकडं, आणि अंगठा बोटावर घासतोय, घासतोय, घासतोय. दुसऱ्या कुणाच्या घरात हे दिसलं असतं तर माणसं घाबरली असती. आमच्या घरात सगळ्यांचे डोळे भरून आले. "बघा, अजून कापूसच बघतायत," असं सासूबाई कौतुकानं सांगायच्या. हे तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. एक बाई तर पदराला डोळे पुसून म्हणाली, सगळं गेलं पण हात काही विसरला नाही. मीसुद्धा वर्गात मुलांना सांगितलं, काम असं करावं की ते बोटांत मुरलं पाहिजे.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी आबा जरा चुळबुळ करायला लागले. गादीच्या शिवणीकडं दोनदा हात गेला. मंडळी चार वाजता येणार होती. मी फळीवरची डबी काढली, गोळी मोडली आणि अर्धी केळ्याच्या फोडीत घालून त्यांना भरवली. हे मी कुणाला विचारलं नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही. संध्याकाळची एक नेहमीची होतीच, म्हटलं, अर्ध्यानं काय होतंय.

पाहुणे खूश झाले. आबा कोट-टोपी घालून भिंतीशी बसले होते. मुलाच्या वडिलांनी नमस्कार केला, आबांनी पापणीसुद्धा हलवली नाही. "फार शांत माणूस," असं मुलाचे वडील म्हणाले. मुलगी पसंत पडली. मंडळी टांग्यात बसली आणि आम्ही दारातून मागं वळतोय तोच न्हाणीतून आवाज आला. आबा उभ्याचे उभे पालथे पडले होते. पडताना माणूस हात तरी पुढं टाकतो. आबांनी तेही केलं नव्हतं. कपाळ फुटलं होतं, दोन दात हलले होते आणि तोंडातून हूं की चूं नाही. डॉक्टरांच्या कंपाउंडरनं येऊन टाके घातले. म्हातारं माणूस, न्हाणी ओली, पाय घसरला, असं आम्ही त्याला सांगितलं. न्हाणी ओली नव्हती.

त्यानंतर आबा कॉटवरून उठलेच नाहीत. गोळी चालूच होती, कारण ती बंद कर असं कुणी म्हणालं नव्हतं.

अखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. आमच्या खानदेशात अखाजी म्हणजे लेकींचा सण. कुठल्याही गावाहून लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात. कुसुम घरातच होती, पण आमच्याकडं बाहेरून येणारीही एक लेक होती, सोनाबाई. ही आबांच्या हाताखाली जिनात कापूस निवडायची. नवरा लवकर गेला, माहेरचं कुणी उरलं नाही, तेव्हा आबांनी तिला सांगितलं होतं की अखाजीला आमच्या घरी यायचं. तेव्हापासून दर वर्षी ती यायची, खापराचे मांडे आणि आमरस जेवायची, चोळीचा खण घ्यायची आणि आबांना जिनातल्या सगळ्या चहाड्या सांगून जायची.

तिनं दारातूनच हाक मारली, "आबा, वयखं का मले?" आबांनी मान वळवली नाही. ती कॉटशेजारी खाली बसली आणि रसाची वाटी घेऊन त्यांना भरवायला लागली. रस घशात उतरेना. ठसका लागला, रस हनुवटीवरून छातीवर ओघळला. सोनाबाईनं वाटी खाली ठेवली.

"काय व्हयनं वं माय आबास्ले?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"वय झालं गं. पण हात बघ त्यांचा. अजून कापूस बघतायत," सासूबाई म्हणाल्या.

सोनाबाई त्या हाताकडं बघत राहिली. मग मान हलवून म्हणाली, "नही माय. हाई कापूस दखनं नही शे."

सासूबाईंना राग आला. पन्नास वर्षं संसार त्यांनी केला होता. "मला सांगतेस? त्यांचा हात मी ओळखत नाही?"

"आबा दोन्ही हातवरी दखेत," सोनाबाई म्हणाली. "एक हाते कोनी धागा दखस का? आनि डोया मिचेत. हाऊ हात आपलाआप हाली राहिना." कमरेची पिशवी सोडून तिनं ओंजळभर कापूस काढला. दर वर्षी ती आबांसाठी नव्या मालाचा नमुना आणायची आणि आबा निकाल द्यायचे, हा त्या दोघांचा खेळ होता. तो कापूस तिनं आबांच्या उजव्या चिमटीत ठेवला.

आम्ही सगळे वाकून बघत होतो. अंगठा बोटावर घासत राहिला. कापूस निसटून चादरीवर पडला. तिनं पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. डावा हात जागचा हललाही नाही. ज्या माणसाला लोकांच्या तक्क्यातला कापूस काढल्याशिवाय राहवत नव्हतं, त्याच्या हातात कापूस दिला होता आणि त्याला तो कळला नव्हता.

"काय खावाले दी राहिनात तुम्हीन यास्ले?" सोनाबाईनं विचारलं. तिचा आवाज मोठा नव्हता. मी फळीवरची डबी काढून तिच्यापुढं धरली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं डबीकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं पाहिलं.

हे तसेच चपला घालून गेले आणि डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी आबांचा हात कोपरात वाकवून पाहिला. तो सलग वाकेना, रहाटाच्या दात्यासारखा अडकत अडकत वाकायचा. मान तशीच, गुडघा तसाच. डॉक्टर खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "हा गोळीचा परिणाम आहे. हातही, चालही, गिळणंही. म्हाताऱ्या माणसाला हे औषध फार जड जातं, मेंदू थकलेला असला की आणखीच. मी मध्ये एकदा येऊन बघायला हवं होतं." मला वाटलं होतं ते आमच्यावर चिडतील. ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी गोळी हळूहळू कमी करत बंद करायला सांगितली आणि म्हणाले, "पण एक लक्षात घ्या, पुन्हा पहिल्यासारखा त्रास सुरू होईल."

"होऊ दे," सासूबाई म्हणाल्या.

पाच-सहा आठवडे गेले. आधी लाळ थांबली, मग मान वळायला लागली. मी शाळेतून आले तर एक दिवस आबा कॉटवर उठून बसले होते आणि माझ्यावर ओरडले, "बाई, तुमले घर नही का? रोज रोज मना घरमा कसाले येतीस?" मी दारात बसून हसले आणि हसता हसता हुंदके द्यायला लागले. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. आबा आम्हा दोघींवर ओरडत होते आणि आम्ही दोघी देव पावल्यासारख्या ऐकत होतो.

बोटाचं ते घासणं सगळ्यात शेवटी थांबलं. ते थांबलं तेव्हा सासूबाईंना थोडं वाईट वाटलेलं मी पाहिलं.

मग सोनाबाईनंच उपाय काढला. दर बाजारच्या दिवशी ती जिनातून पोतंभर कापूस पाठवायची. आम्ही तो ओट्यावर ओतायचो. आबा पाटावर बसून दिवसभर पारख करायचे. चांगला एका बाजूला, किडका कवडी माल दुसऱ्या बाजूला. संध्याकाळी कुसुम दोन्ही ढीग पुन्हा एक करून ठेवायची आणि सकाळी आबा नव्यानं सुरू करायचे. कापूस पुन्हा वरणात यायला लागला. इतका साधा इलाज आम्हाला आधी सुचला नाही, कारण आम्ही आबांना गप्प कसं करायचं एवढंच बघत होतो. कुसुमच्या लग्नात आबा मांडवात बसले. त्यांनी जावयाचं गिरणीचं उपरणं चिमटीत धरलं आणि भर पंगतीत सांगितलं, "मिलना माल शे, पन चालीन." जावई अजून ते सांगत असतो.

पण छाती पहिल्यासारखी झाली नाही. पाणी पितानाही ठसका लागायचा. मार्गशीर्षात ताप आला, कफ दाटला आणि चार दिवसांत आबा गेले. हे त्या गोळ्यांमुळं झालं का, असं मी डॉक्टरांना एकटीनं जाऊन विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. खरंच सांगता येत नसेल. मला मात्र रात्री अंथरुणावर पडलं की न्हाणीतला तो आवाज यायचा, आणि केळ्याची फोड दिसायची.

तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारची भाभी आली. त्यांचं किराण्याचं दुकान होतं, घर राजस्थानचं, पण भाभीचा जन्म धुळ्यातलाच. ती आमच्या सुतकात रोज पिठलं-भाकरी घेऊन आलेली, जीव लावणारी बाई. आज ती काहीतरी मनात धरून आली होती. पदराशी खेळत बसली, मग म्हणाली, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. आबांच्या त्या गोळ्या उरल्या असतील ना? आमच्या सासूबाई, माँजी, फार त्रास देतात आता. सारखं गाठोडं बांधतात, दाराशी जाऊन बसतात. आबा कसे छान शांत झाले होते."

तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. वर्षापूर्वी मी आरशात अशीच दिसत होते. मी उठून डबी काढली. आत सात-आठ गोळ्या होत्या. भाभीनं हात पुढं केला.

"आधी ऐक," मी म्हटलं. आणि मी तिला सगळं सांगितलं. गिळणं, चाल, तो हात, चादरीवर पडलेला कापूस. आणि मग जे यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की पाहुणे आले त्या दिवशी मी मनानंच अर्धी गोळी जास्त दिली होती, आणि आबा त्यामुळंच पडले.

सासूबाई केव्हा येऊन दारात उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. मी वळून पाहिलं तर त्या चौकट धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता या मला घराबाहेर काढतील, आणि काढलं तर मी निघेन.

त्या आत आल्या, खाली बसल्या आणि भाभीला म्हणाल्या, "हिनं अर्धी दिली. त्या दिवशी अर्धी मी दिली होती. दुधातून, हिच्या आधी."

भाभीनं हात मागं घेतला. ती उठून माँजींकडं परत गेली. आम्ही दोघी तिथंच बसून राहिलो. दहा महिने एकाच चुलीपुढं बसून आम्ही एकमेकींपासून अर्धी अर्धी गोळी लपवली होती.